पाठ आणि पाठभेद

मराठीत 'पाठ' हा एकच शब्द दोन घरी नांदतो. आळंदीच्या देवळाच्या ओवरीत बसून हरिपाठ म्हणणारा वारकरी जे करतो त्यालाही पाठ म्हणतात, आणि पुण्यातील संशोधनमंदिरात चार हस्तलिखिते पुढ्यात मांडून अमुक ओवीतला मूळचा शब्द कोणता याचा निर्णय करणारा पंडित ज्याच्या शोधात असतो तोही पाठच. पहिल्याच्या लेखी पाठ म्हणजे पिढ्यानपिढ्या म्हटल्याने सिद्ध झालेले, जिभेवर वसलेले वाङ्मय. दुसऱ्याच्या लेखी पाठ म्हणजे नकलनविसांच्या हातून बिघडलेल्या अक्षरांखाली दडलेला आणि प्रमाणे लावूनच बाहेर काढावयाचा शब्द. धर्मश्रद्धा आणि विद्यापीठीय विद्वत्ता यांचा परस्परांशी संबंध काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा ईश्वर आहे की नाही, बुद्धी श्रेष्ठ की भावना श्रेष्ठ, अशा उंच आणि म्हणूनच थोड्याशा विरळ हवेत चालते. महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न गेली दीडशे वर्षे पोथीच्या पानावर, एकेका अक्षराच्या निमित्ताने, अगदी जमिनीवरून लढवला गेला आहे. आणि त्याचा आढावा घ्यावयाचा तर तो त्याच पातळीवर घेणे इष्ट, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

युरोपात या प्रश्नाचे स्वरूप प्रारंभापासूनच खटल्याचे राहिले. जर्मनीत डेव्हिड श्ट्राउस याने १८३५ साली येशूचे चिकित्सक चरित्र लिहिले आणि तो अध्यापनाच्या जागेला कायमचा मुकला. स्कॉटलंडात रॉबर्टसन स्मिथ याला बायबलातील ग्रंथांच्या कर्तृत्वाविषयी लिहिल्याबद्दल १८८१ मध्ये अध्यासनावरून दूर करण्यात आले. फ्रान्समध्ये आल्फ्रेड ल्वाझी या पाद्र्याला १९०८ मध्ये कॅथलिक चर्चने बहिष्कृत केले. तेथे धर्माला एक पीठ होते, पीठाला अधिकार होता आणि अधिकाराला हुकूम काढण्याची मुभा होती. त्यामुळे विद्वानाने कोणाशी भांडावयाचे हेही ठरलेले होते. आपल्याकडे तसे एक पीठ नाही. ज्ञानेश्वरीचा अमुक पाठ ग्राह्य आणि तमुक अग्राह्य, असा सर्वांवर बंधनकारक निवाडा देणारा कोणी अधिकारी वारकरी संप्रदायात कधीच नव्हता. या अभावाचा लाभ असा की संशोधकाला येथे बहिष्काराचे फर्मान कोणी धाडले नाही. तोटा असा की ज्याच्याशी वाद घालून तो मिटवता येईल असा प्रतिपक्षही त्याला बहुधा मिळाला नाही, आणि पुढे त्याची जागा कधीकधी जमावाने घेतली.

ग्रंथाची चिकित्सा ही पाश्चात्त्य विद्येने येथे आणलेली आणि म्हणून श्रद्धेला मुळातच परकी अशी गोष्ट आहे, असा एक समज श्रद्धावंतांत आहे आणि नवल म्हणजे तो विद्वानांतही आहे. तो खोडून काढावयास एकच दाखला पुरे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये. त्यानंतर सुमारे तीन शतकांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी तिच्या प्रती मिळवून, पाठभेदांनी गढूळ झालेला ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपल्या पदरची ओवी या ग्रंथात घालू नये असा निर्वाणीचा इशारा शेवटी नोंदवला. या कार्याची प्रेरणा म्हणून परंपरा जी कथा सांगते ती तर अधिकच अर्थपूर्ण आहे: नाथांचा कंठ दुखू लागला, ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे ती काढ असे सांगितले, आणि नाथ आळंदीस गेले. कथेतील चमत्कार ज्याला मानावयाचा नसेल त्याने तो मानू नये. परंतु समाधीतील ग्रंथकर्त्याच्या कंठाभोवती कालांतराने मुळ्यांचे वेढे पडतात आणि ते सोडवणे हे भक्ताचे कर्तव्य आहे, ही कल्पना ज्या समाजाला सुचली त्याला पाठशुद्धी परकी होती असे म्हणता येत नाही. मराठीतील पहिला पाठचिकित्सक हा एक संत होता, आणि त्याने चिकित्सा केली ती भक्ती बाजूला ठेवून केलेली नव्हती.

मात्र नाथांची शुद्धी आणि आजची चिकित्सा यांत एक भेद आहे तो झाकून ठेवता कामा नये. नाथांनी कोणत्या प्रती पाहिल्या, कोणता शब्द का टाकला आणि कोणता का ठेवला, याचा तपशील मागे ठेवला नाही. त्यांचा अधिकार हेच त्या निर्णयाचे प्रमाण होते. आधुनिक संपादक आपला निर्णय देतो आणि त्याखाली ज्या शब्दांना त्याने डावलले ते सगळे शब्द, ज्या प्रतींत ते आढळले त्यांच्या खुणांसह, लहान टाइपात छापून ठेवतो, म्हणजे वाचकाला तो निर्णय फिरवण्याची सोय राहते. एकाने शब्दाची ग्वाही स्वतः दिली; दुसरा साक्षीदारांच्या जबान्या दप्तरी दाखल करून बाजूस होतो.

छापखाना आल्यावर हा भेद उघड झाला. मुंबई सरकारच्या द्रव्यसाहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यात तुकोबांच्या गाथेचे दोन भाग १८६९ व १८७३ मध्ये निघाले. विष्णु परशुराम पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित या दोघा नव्या विद्येच्या माणसांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते एकत्र करून साडेचार हजारांहून अधिक अभंगांचा तो संग्रह सिद्ध केला. परक्या सरकारचा पैसा आणि सुधारकांचे संपादन, एवढ्यावरून संप्रदायाने त्याकडे पाठ फिरवली असती तर आश्चर्य वाटले नसते. प्रत्यक्षात त्या गाथेतील अभंग टाळमृदंगाच्या साथीत म्हटले गेले आणि पुढच्या कित्येक आवृत्त्यांचा ती आधार झाली. पुढे वि. ल. भावे यांनी तुकोबांचे लेखक संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून १९१९-२० च्या सुमारास जो गाथा छापला त्याच्या नावातच 'अस्सल' हा शब्द घातला. हा शब्द कचेरीतला आहे. दस्ताची असल आणि नक्कल यांत न्यायाधीश जो फरक करतो तोच फरक संताच्या वाणीतही करता येतो, असा त्यामागचा विश्वास होता. आणि फडावरच्या कीर्तनकाराला हा विश्वास नेमका येथेच खटकत होता, कारण त्याच्या दृष्टीने जो अभंग शेकडो कंठांतून उमटला आणि शेकडो हृदयांत रुजला त्याला नक्कल ठरवण्याचा अधिकार एका वहीला कसा असू शकेल?

हा प्रश्न भाबडा समजून हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एखाद्या गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण बसलेले ज्याने पाहिले आहे त्याला त्याचे मर्म कळेल. मंडपात ओळीने पाट मांडलेले असतात, प्रत्येकापुढे लाकडी व्यासपीठावर पोथी, कोणाची आजोबांच्या वेळची, पाने पिवळी पडून कडा झिजलेली, कोणाची गेल्या आषाढीला पंढरपुरात घेतलेली. सगळ्यांचा सूर एका लयीत चाललेला असतो आणि मध्येच एका चरणात दोनतीन कंठ वेगळा शब्द उच्चारतात, क्षणभर लय अडखळते. शेजारचा म्हातारा बोट ठेवलेल्या ओळीवरून मान वर करून पाहतो, आणि पुढे बसलेल्या चालकाच्या शब्दावर पुन्हा सगळे एक होतात. पाठभेद तेथे कोणी नाकारत नाही. पण त्याचा निकाल प्रतीच्या वयावरून न लागता सोबत म्हणण्याच्या गरजेवरून लागतो. पारायणाला एक शब्द हवा असतो, संशोधनाला सगळे शब्द हवे असतात. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, आणि एकीच्या मापाने दुसरीला मापू गेल्यानेच बहुतेक वितुष्टे निर्माण झाली आहेत.

ज्ञानेश्वरीच्या बाबतीत ते वितुष्ट दोनदा पेटले. १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी 'सुधारक' पत्रातून असे प्रतिपादन केले की, ज्ञानेश्वरी लिहिणारा नाथपंथी ज्ञानदेव आणि विठ्ठलभक्तीचे अभंग रचणारा ज्ञानेश्वर या दोन भिन्न व्यक्ती होत. त्यांची प्रमाणे ग्रंथांतर्गत होती: भाषेतील अंतर, आणि एवढ्या प्रदीर्घ टीकेत पंढरीच्या विठ्ठलाचा नसलेला उल्लेख. संप्रदायातून अर्थातच संताप उसळला. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की संतापाबरोबर उत्तरेही आली, आणि ती उत्तरे देण्यासाठी संप्रदायातील मंडळींना भाषेचे, कालाचे, परंपरेचे पुरावे गोळा करावे लागले. अभंगांची भाषा तोंडोतोंडी होणाऱ्या पठणाने सुलभ झाली, ग्रंथाची भाषा पोथीने जतन केली, हा जो खुलासा पुढे बहुतेकांस पटला, तो आज पाठचिकित्सेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला मान्य व्हावा असाच आहे. दुसरा प्रसंग वि. का. राजवाडे यांचा. त्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत १९०९ मध्ये छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीकालीन मराठीचे व्याकरणही रचले. नाथांच्या शुद्धीच्या पलीकडे जाऊ पाहणे हे संप्रदायास रुचणारे नव्हते. विद्वानांसही त्या प्रतीच्या प्राचीनत्वाविषयी शंका राहिल्या. राजवाड्यांच्या स्वभावातील आग्रह लक्षात घेऊनही एवढे म्हणावयास हवे की, मराठी भाषेचा इतिहास शास्त्रीय पायावर उभा करण्यासाठी त्यांना संताच्या ग्रंथाकडेच जावे लागले.

किंबहुना या विद्वत्तेचे भांडवलच श्रद्धेने राखलेले आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत बांधून शतकानुशतके मठांत जपले. पंथाचा जो शाखाविस्तार पंजाबात आणि त्याही पलीकडे झाला तेथेही मराठी पोथ्या पूज्य म्हणून राहिल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी त्या लिप्यांची किल्ली मिळवली, काही महंतांनी पोथ्या दाखवण्याचे औदार्य केले, आणि मराठी गद्याचा इतिहास एकदम तेराव्या शतकापर्यंत मागे गेला. चक्रधरांच्या आठवणींचा म्हाइंभटकृत संग्रह म्हणजे 'लीळाचरित्र' हा आज विद्यापीठात मराठीचा आद्य गद्यग्रंथ म्हणून शिकवला जातो. पण ज्यांनी तो राखला त्यांनी मराठी गद्याचा नमुना म्हणून राखला नव्हता, परमेश्वराची लीळा म्हणून राखला होता. म्हणूनच वि. भि. कोलते यांनी अनेक प्रती ताडून केलेले त्याचे संपादन १९७८ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले तेव्हा पंथातील काहींनी त्यातील मजकुरास हरकत घेतली आणि वाद विकोपास गेला. ज्याची आयुष्याची तपश्चर्या त्या ग्रंथात होती असा विद्वान एका बाजूला, आणि ज्यांच्या पूर्वजांनी तो ग्रंथ प्राणपणाने वाचवला असे भाविक दुसऱ्या बाजूला; या प्रकरणात कोणालाही सरळसरळ खलनायक ठरवता येत नाही.

गोव्याकडे पाहिले तरी हाच न्याय दिसतो. फादर थॉमस स्टीफन्स याने सासष्टीतील नवख्रिस्ती लोकांसाठी रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. पुढे पोर्तुगीज अंमलाने देशी भाषांवरच गदा आणली आणि त्या शतकात निघालेल्या आवृत्त्यांची छापील प्रत आज एकही उपलब्ध नाही. ग्रंथ तरला तो भाविक ख्रिस्ती कुटुंबांनी हातांनी उतरून घेतलेल्या नकलांमुळे. त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला आणि मग भाषाशास्त्रज्ञांना सतराव्या शतकातील मराठीचा ठेवा गवसला.

आता पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे वळू, कारण या प्रश्नाची सर्वांत मोठी प्रयोगशाळा तीच. ज्यांच्या नावाने १९१७ मध्ये ती संस्था निघाली ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ होते. आठवडाभर हस्तलिखितांची चिरफाड करणारा हा पुरुष समाजमंदिरात तुकोबांच्या अभंगांवर निरूपण करी. वैष्णव व शैव संप्रदायांवरील त्यांचा १९१३ चा ग्रंथ आजही अभ्यासकाला टाळता येत नाही. त्यातच त्यांनी असाही तर्क केला आहे की, गोकुळातील बाळकृष्णाची उपासना आभीरांच्या टोळ्यांबरोबर आली आणि तिच्यावर ख्रिस्तकथेची छाया पडली असावी. हा तर्क पुढील संशोधकांनी बहुतांशी सोडून दिला. परंतु तो चुकला हे दाखवले ते संशोधनानेच, भाविकांच्या रोषाने नव्हे. आणि विद्वत्तेचा जो काही नैतिक अधिकार आहे तो तिच्या अचूकपणात नसून अशा रीतीने स्वतःची चूक पदरात घेण्याच्या तिच्या वहिवाटीत आहे.

त्या संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सित आवृत्ती हाती घेतली, आणि १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला भाषाशास्त्र शिकलेल्या या पंडिताने जी पद्धती बसवली ती जवळून पाहण्यासारखी आहे. मोठमोठ्या तक्त्यांवर वरच्या ओळीत प्रचलित श्लोक अक्षर अक्षर सुटे करून लिहावयाचा, प्रत्येक अक्षराला एक घर. खाली काश्मीरच्या शारदा लिपीतील, बंगाली, नेवारी, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम् अशा लिप्यांतील एकेका पोथीसाठी एकेक ओळ. आणि जेथे जी पोथी वेगळे बोलते तेथे तेवढेच अक्षर तिच्या घरात भरावयाचे. वाचक वाचून दाखवी, लेखक घरे भरी, आणि एका श्लोकासाठी कधीकधी सबंध तक्ता खर्ची पडे. छापील पानावर वर निर्णीत श्लोक, आणि त्यातील ज्या शब्दाविषयी संपादकाची पुरती खात्री नसेल त्याच्याखाली एक नागमोडी रेघ. आपल्या अज्ञानाची इतकी नम्र आणि इतकी नेमकी खूण दुसऱ्या कोणत्या शास्त्राने योजली असेल असे वाटत नाही. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते आणि जवळजवळ पन्नास वर्षे खर्ची घालून एकोणीस खंडांचे ते काम १९६६ मध्ये पुरे झाले आणि राष्ट्रपती राधाकृष्णन् यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन झाले.

या आवृत्तीने श्रद्धेला धक्का देणारे निर्णय काही थोडेथोडके दिले नाहीत. व्यासांचा लेखनिक होऊन गणपतीने महाभारत लिहून घेतले ही कथा पुरेशा प्राचीन प्रतींच्या आधाराअभावी मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली; सभापर्वात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही संहितेबाहेर ठरला. ज्या पुण्यात भाद्रपदातले दहा दिवस गणपतीवाचून दुसरे काही सुचत नाही त्याच पुण्यात हा निर्णय छापला गेला, आणि तरीही कोणाची मूर्ती कमी झाली नाही की कोणा कीर्तनकाराने द्रौपदीच्या हाकेवर आख्यान लावणे सोडले नाही. याचा अर्थ विद्वत्ता निष्फळ ठरली असा कोणी करील तर ती चूक होईल. मूळ ग्रंथ एक आणि त्यावर समाजाने शतकानुशतके चढवलेले अर्थाचे लेणे दुसरे, हे दोन्ही त्या आवृत्तीत जपलेले आहेत. परिशिष्टात टाकणे म्हणजे फेकून देणे नव्हे, ते कोठून आणि कधी आले याची नोंद करणे होय. द्रौपदीचा धावा नंतरचा आहे हे कळल्यावर भाविकाने खिन्न होण्याचे कारण नाही. उलट व्यासांच्या ग्रंथात नसलेली हाक कोणत्या तरी अज्ञात भक्ताला ऐकू आली आणि त्याने ती लिहून ठेवली, हा भक्तीच्या इतिहासातला एक मोलाचा दाखलाच नव्हे काय?

स्वतः सुखटणकरांच्या आयुष्याचा शेवट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. दीड तप अक्षरे मोजणाऱ्या या पंडिताने अखेरीस मुंबईत महाभारताच्या अर्थावर व्याख्याने दिली, आणि त्यांत या ग्रंथाकडे केवळ प्रक्षेपांची गोधडी म्हणून पाहणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांचा प्रतिवाद करून, लौकिक, नैतिक आणि आध्यात्मिक अशा चढत्या भूमिकांवर त्याची एकात्मता दाखवली. व्याख्यानमाला पुरी होण्यापूर्वीच, जानेवारी १९४३ मध्ये, त्यांना मृत्यू आला. ग्रंथ सुटा करण्याचे कौशल्य ज्याच्याइतके कोणाजवळ नव्हते त्यालाच तो जोडून पाहण्याची निकड वाटावी, यात विसंगती नाही. सुटे करून पाहिल्यावाचून जोड कोठे आहे हे समजत नाही.

श्रद्धेनेच चिकित्सेला प्रवृत्त केल्याचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण गोव्याने दिले. सांखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी एका मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र वाचून इतके भारले की पुढे संसार मागे ठेवून काशी, नेपाळ करीत सिंहलद्वीपात पोहोचले, १९०२ मध्ये तेथे त्यांनी भिक्षुदीक्षा घेतली, आणि नंतर अमेरिकेत हार्वर्डला जाऊन 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. असा श्रद्धावान मनुष्य बुद्धचरित्र लिहावयास बसला तेव्हा त्याने काय केले? वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने गौतमाला वैराग्य आले ही जगन्मान्य कथा त्याने बाजूस ठेवली, कारण प्राचीनतम सुत्तांत ती गौतमाविषयी सांगितलेली नाही. आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्यावरील कलहात गृहत्यागाचे कारण शोधले. शस्त्र उचलण्यास नकार देणारा गौतम कोसंबींना राजवाड्याबाहेर पडून दचकणाऱ्या राजपुत्राहून अधिक पूज्य वाटला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि धम्मावरील ग्रंथात चार दर्शनांची कथा नाकारून रोहिणीच्या तंट्याचाच आधार घेतला. त्यांचा ग्रंथ मात्र अभ्यासिकेत न राहता वस्त्यावस्त्यांतील विहारांत वाचला जाऊ लागला. चिकित्सेतून जन्मलेले पुस्तक पाहता पाहता स्वतःच पाठाचे पुस्तक झाले.

श्रद्धेच्या घरात राहूनच विद्वत्ता करणाऱ्यांचा वर्ग निराळा. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर हे त्यांतील ठळक नाव. १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढणाऱ्या विष्णुबुवा जोगांचे ते शिष्य. सकाळी वर्गात प्लेटो शिकवावा, सायंकाळी गळ्यात तुळशीची माळ घालून प्रवचनास बसावे, आणि आषाढात दिंडीबरोबर चालावे, असा त्यांचा क्रम. त्यांनी सिद्ध केलेली सार्थ ज्ञानेश्वरी मराठी घराघरांत पोहोचली. निंबाळचे गुरुदेव रा. द. रानडे हे दुसरे; नामसाधनेत मुरलेल्या या तत्त्वज्ञाने १९३३ मध्ये महाराष्ट्रातील संतांच्या गूढानुभवावर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला त्याने संतांना जगातील साक्षात्काऱ्यांच्या पंक्तीस नेऊन बसवले. आतल्या माणसाला जे दिसते ते या दोघांनी दिले, यात शंका नाही. परंतु त्यांच्या लेखनात संत बहुधा काळाच्या बाहेर उभे असतात. चोखोबांना देवळाच्या बाहेर का उभे राहावे लागले, संप्रदायात पंक्तिभेद कसा टिकला, हे प्रश्न तेथे येतात ते ओझरते. घरातल्या माणसाला घराच्या भिंती दिसतात, पाया दिसत नाही.

तो पाया पाहण्याचे काम बाहेरून आत गेलेल्यांनी केले. इरावती कर्वे समाजशास्त्रज्ञ म्हणून वारीत गेल्या आणि दिंडीच्या आनंदाशी एकरूप होता होताच, चालताना एक असणारी माणसे जेवताना जातीजातींत वेगळी बसतात याची बोच त्यांनी आपल्या लेखात नोंदवली. फ्रान्सचा जेजुइट धर्मगुरू द्यल्यूरी वारकऱ्यांबरोबर पायी चालला आणि त्याने १९६० मध्ये विठोबाच्या उपासनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतःच्या धर्मावरील निष्ठा न सोडता दुसऱ्याच्या देवाकडे आदराने पाहता येते, याचा तो पुरावा. आणि रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' या ग्रंथात पंढरीच्या देवामागे गवळीधनगरांचा लोकदेव उभा केला. माढ्याची मूर्ती हीच पंढरीची मूळची विठ्ठलमूर्ती, या त्यांच्या प्रतिपादनाने मोठे वादळ उठले. पण ग्रंथाच्या नावातच त्यांचा निष्कर्ष आहे: उगम लहान दाखवल्याने देव लहान होत नाही, इतक्या समूहांना एकत्र करणारा म्हणून तो मोठाच दिसू लागतो.

या आढाव्याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. ५ जानेवारी २००४ रोजी याच भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, कपाटे फुटली, पोथ्या आणि पुस्तके जमिनीवर पडली. निमित्त शिवचरित्रावरील एका परदेशी ग्रंथाचे होते, म्हणजे वाद काटेकोरपणे धर्मश्रद्धेचा नव्हता, अस्मितेचा होता. पण ज्या ज्या वेळी श्रद्धा स्वतःचे नाव सोडून अस्मितेचे नाव घेते त्या त्या वेळी ती पारायणाच्या मंडपातून उठून रस्त्यावर येते, आणि मग तिला पाठही नको असतो व पाठभेदही. त्याचबरोबर विद्वानांच्या पदरी एक दोष बांधणे प्राप्त आहे. ज्या लोकांच्या पोथ्या, गाणी, आठवणी घेऊन ही विद्या उभी राहिली त्यांच्यापर्यंत तिचे निष्कर्ष बहुधा पोहोचलेच नाहीत; ते इंग्रजीत, महागड्या ग्रंथांत, परदेशी नियतकालिकांत राहिले आणि गावात आली ती त्यांची विपर्यस्त अफवा. देणाऱ्याला पावती न देणारा व्यवहार फार दिवस विश्वासाने चालत नाही.

एकूण हिशेब मांडला तर निष्कर्ष असा निघतो. श्रद्धा आणि विद्वत्ता यांचे कार्यक्षेत्र अगदी वेगळे आहे आणि त्यांनी एकमेकींच्या वाटेला जाऊ नये, हा सोयीचा तह इतिहासाला धरून नाही. त्या सतत एकमेकींच्या अंगणात वावरत आल्या आहेत. ग्रंथ केव्हा झाला, कोणी लिहिला, त्यात मूळ किती आणि भर किती, हे ठरवताना भावनेने साक्षीला येऊ नये, आणि तो ग्रंथ मनुष्याच्या जीविताला काय देतो याचा निवाडा केवळ प्रतींच्या वयावरून करू नये, एवढी शिस्त दोघींनी पाळली की पुरे. श्रद्धेने पाठ जिवंत ठेवला नसता तर विद्वत्तेला भेद पाहावयास काही उरले नसते. विद्वत्तेने भेद दाखवले नसते तर आपण नेमके काय म्हणत आहोत हे श्रद्धेला कळले नसते.

जाता जाता वाचकाला एक विनंती. जुन्या घरांतून आजही माळ्यावर, देव्हाऱ्याखालच्या खणात, लाल फडक्यात बांधलेली हस्तलिखित बाडे असतात. पाने फाटली, अक्षर लागेनासे झाले, की पवित्र वस्तू पायदळी पडू नये या सद्भावनेने ती नदीत सोडण्याची चाल आहे. ती सोडण्यापूर्वी एकदा जवळच्या इतिहास संशोधन मंडळात किंवा महाविद्यालयातल्या मोडी-बाळबोध जाणणाऱ्या एखाद्या माणसाला दाखवावी. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून कोरडी वर आली ही आपली श्रद्धा आहे. आपल्या घरातले बाड तसे वर येणार नाही.